गाडीत बसलं की दर वेळी तेच: लहान कुत्र्याचा प्रवासातला त्रास कसा शोधायचा आणि कसा कमी करायचा

तक्रार साधारण अशी असते. घरभर हुंदडणारा, अनोळखी माणसावर तावातावाने भुंकणारा चार किलोचा जीव गाडीचं दार उघडलं की पाय रोवून उभा राहतो. उचलून आत ठेवला तर थरथरतो, लाळ गाळतो, कुईंकुईं करतो आणि वळणं सुरू झाली की ओकतो. मग कुणी सांगतं उपाशी ठेवा, कुणी म्हणतं मांडीवर घ्या, कुणी पिंजऱ्यावर चादर टाकायला सांगतं, कुणी झोपेची गोळी सुचवतं. सगळं करून होतं आणि पुढच्या प्रवासात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातला जवळजवळ प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या कुत्र्याला लागू पडलेला असतो, म्हणून तर तो सांगितला जातो. पण गाडी लागणं, गाडीची भीती आणि अंगाला होणारी गैरसोय ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि वरवर बघता तिन्ही सारखीच दिसतात. गाडी लागणाऱ्याला कितीही थोपटलं तरी त्याची मळमळ जात नाही. घाबरलेल्याला उलटीची गोळी दिली तर तो उलटी न करता घाबरतो, एवढाच फरक पडतो. म्हणून उपाय बदलण्याआधी दुखणं ओळखायला एक आठवडा द्या.

आधी घड्याळ बघा

त्रास काय होतो यापेक्षा तो कधी सुरू होतो, हे जास्त उपयोगी पडतं. गाडी चालवताना मागे वळून बघता येत नाही आणि बघूही नये. मागच्या सीटवर मोबाईल नीट अडकवून रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि घरी आल्यावर सावकाश बघा. सुरुवातीची चिन्हं बारीक असतात: खाणं समोर नसताना ओठ चाटणं, लागोपाठ जांभया, सारखं गिळणं, कान मागे पाडणं, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं आणि तेव्हा दिसणारी बुबुळाभोवतीची पांढरी कड. उलटी ही त्या मानाने फार उशिराची पायरी आहे.

तीन साध्या चाचण्या करा, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. पहिली: गाडी बंद, दार उघडं, कुत्रा आत, समोर त्याचा सगळ्यात आवडता खाऊ. दुसरी: तेच सगळं, पण इंजिन चालू आणि गाडी जागेवरच. तिसरी: सरळ रस्त्यावर हळू चालवत थोडं अंतर.

पहिल्याच चाचणीत खाऊपासून तोंड फिरवलं किंवा खाऊ न घेताच लाळ गाळू लागला तर ती भीती आहे, कारण अजून काहीच हललेलं नाही. पहिल्या दोन चाचण्यांत मजेत खातो आणि गाडी चालू लागल्यावर काही वेळाने गप्प होतो, गिळू लागतो, लाळ गाळतो, तर त्याला गाडी लागते. वळणांवर आणि धक्क्यांवर वाढलं तर शंकाच नको. सुरुवात चांगली, पण तासाभराने बेचैनी, धापा, जागा बदलत राहणं, असं असेल तर उष्णता, लघवी, घसरणारी बैठक किंवा एखादं दुखणं तपासा.

बऱ्याच घरांत मात्र चौथाच प्रकार दिसतो, आणि वर्षानुवर्षं न सुटणारी तक्रार बहुधा हीच असते. पिल्लांना गाडी जास्त लागते. वर्षभराचं होईपर्यंत पुष्कळांचा हा त्रास आपोआप कमी होतो. पण तोवर पाच-सहा वेळा मळमळ झालेली असते, आणि गाडीचा वास आला की पोट ढवळतं हे कुत्र्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पोट सुधारलं तरी ही आठवण जात नाही. तीन वर्षांचा कुत्रा इंजिन चालू व्हायच्या आत लाळ गाळू लागतो, त्याची गोष्ट अनेकदा ही असते. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी मळमळ थांबवा, मग भीतीवर काम करा. उलट केलं तर सरावाची प्रत्येक फेरी मळमळीने संपते आणि आठवडाभर कमावलेलं एका वळणावर जातं.

गाडी लागत असेल तर

पोटापासून सुरुवात करू. भरल्या पोटी निघू नये हे खरं. पूर्ण वाढलेल्या, धडधाकट कुत्र्याचं शेवटचं हलकं जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी उरकलं की पुरतं. पण ‘सकाळपासून काही देऊ नका’ हा सल्ला लहान जातींच्या पिल्लांना सरसकट लावू नका. चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पोमेरेनियन यांच्या पिल्लांच्या अंगात साखरेचा साठा फारच थोडा असतो. बराच वेळ उपाशी राहिली की त्यांच्या रक्तातली साखर उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, नजर हरवल्यासारखी होते, पुढे झटकेही येऊ शकतात. घरचे मात्र ‘प्रवासाने थकलंय’ म्हणून गप्प बसतात. अशा पिल्लांना थोड्या थोड्या वेळाने घासभर द्यावं, आणि किती अंतराने हे पशुवैद्यांना विचारून ठरवावं. पाणी कुणाचंच तोडू नका. एका वेळी थोडं द्या.

दुसरी गोष्ट बैठकीची. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना दिसतं सीटचं स्थिर कापड. या विसंगतीतून मळमळ होते. मोठा कुत्रा निदान मान वर करून समोरचा रस्ता बघू शकतो. लहान कुत्र्याला मात्र सीटवरून एक तर काहीच दिसत नाही, नाही तर बाजूच्या काचेतून सुसाट पळणारी झाडं दिसतात, आणि ती त्याहून वाईट. कॅरिअरच्या, म्हणजे कुत्र्याला नेण्याच्या जाळीदार पेटीच्या, दोन्ही बाजू झाकून पुढची जाळी उघडी ठेवली तर पुष्कळांना बरं वाटतं. काहींना पूर्ण अंधारच मानवतो. हे करून बघण्यावाचून कळत नाही.

पुढच्या सीटच्या मागे पाय ठेवायच्या जागेत कॅरिअर घट्ट बसत असेल तर ती जागा फार चांगली. तिथे हेलकावे कमी जाणवतात आणि अचानक ब्रेक लागला तरी कॅरिअर कुठे जात नाही. फक्त तिथे हवा पोचते का, खालून गरम लागतं का, हे हात घालून बघा. पुढे बसलेल्यांना गार वाटतंय म्हणून खाली गार आहे असं धरून चालू नका.

गाडीत सुगंधी डबी टांगलेली असेल तर काढून टाका. माणसाला मंद वाटणारा वास कुत्र्याच्या नाकाला भपकाऱ्यासारखा लागतो. मागच्या उलटीचा वास सीटमध्ये मुरला असेल तर नुसत्या पाण्याने जात नाही. एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा, कव्हरं धुवा. काच बोटभर खाली ठेवा. आणि गाडी चालवणाऱ्याने हे मनावर घ्यावं की कुत्र्याचं निम्मं पोट त्याच्या उजव्या पायाच्या हातात आहे. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हलके दाबले तर काहींचा त्रास तिथेच अर्ध्यावर येतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

एवढं करूनही उलट्या होत असतील तर औषध घ्यायला लाजू नका. कुत्र्यांच्या गाडी लागण्यावर मारोपिटंट नावाचं औषध पशुवैद्य देतात. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं आणि गुंगी आणत नाही. निघण्याच्या सुमारे दोन तास आधी, पोटात घासभर अन्न असताना द्यावं लागतं. दारात गाडी उभी करून दिलेल्या गोळीचा उपयोग नाही. आणखी एक: साध्या पोटाच्या उलटीसाठीचा डोस आणि गाडी लागण्यासाठीचा डोस यांत बराच फरक आहे, दुसरा कितीतरी मोठा असतो. म्हणजे मागच्या आजारपणातली उरलेली गोळी अंदाजाने देऊन ‘या औषधाने फरक पडत नाही’ असं ठरवणं त्या औषधावर अन्याय आहे. उलटी ते छान थांबवतं. लाळ आणि मळमळ मात्र सगळ्यांची पूर्ण जात नाही, तेही डॉक्टरांना सांगा.

माणसांच्या प्रवासाच्या गोळ्या घरात असतातच. त्यांतल्या काही पशुवैद्यही वापरतात, पण तीन किलोच्या जनावरासाठी नखाएवढ्या गोळीचे चार तुकडे सारखे होत नाहीत, आणि काही गोळ्यांत कुत्र्याला न चालणारी दुसरी औषधं मिसळलेली असतात. विचारल्याशिवाय देऊ नका.

भीती असेल तर

इथे घाई चालत नाही. भीतीवरचं काम गाडीत सुरूच होत नाही, ते घरात सुरू होतं.

कॅरिअर माळ्यावर आणि प्रवासाच्या दिवशीच खाली, ही पद्धत आधी बंद करा. कुत्र्याला तो फक्त संकटाच्या दिवशी दिसतो. वरचा भाग निघत असेल तर काढून नुसतं तळ बसायच्या खोलीत ठेवा, आत त्याचंच अंथरूण घाला, जेवणाची वाटी तिथे ठेवा. आपणहून आत जाऊन झोपू लागला की वरचा भाग लावा. मग दार, आधी उघडं, नंतर काही सेकंद बंद, नंतर मिनिटभर. कॅरिअर उचलण्याचाही सराव हवा. दांडी धरून पिशवीसारखा हलवत नेला तर आतला कुत्रा गाडीपर्यंत पोचायच्या आतच हेलकावे खातो. खालून दोन्ही हात घालून छातीशी धरून न्या.

मग बंद गाडी, मग इंजिन, मग दहा-वीस मीटर पुढे जाऊन परत, मग कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न: खाऊ खातोय का? शांतपणे खातोय, तर पायरी जमली. हातातून ओरबाडून घेतोय, तर तो काठावर आहे. अजिबात घेत नाही, तर आपण फार पुढे आलो. त्याच दिवशी एक पायरी मागे या आणि तिथे संपवा. खाऊचा क्रमही बघा. आधी इंजिनाचा आवाज, लगेच त्यामागून खाऊ. खाऊ दाखवून गाडीत बोलवत राहिलं तर काही दिवसांनी कुत्रा खाऊवरच संशय घेऊ लागतो.

लोक दोन ठिकाणी अडकतात. एक, बंद गाडी ते चालू इंजिन. ही पायरी मोठी वाटत असेल तर कुत्रा गाडीबाहेर थोडा दूर उभा असताना दुसऱ्या कुणाला इंजिन चालू करायला सांगा आणि तिथे खाऊ द्या. अंतर रोज थोडं कमी करा. दुसरी जागा म्हणजे पहिलं वळण. तिथे गाडं अडलं तर आधी म्हटल्याप्रमाणे मळमळ पुन्हा तपासा.

रोजची पाच मिनिटं रविवारच्या एका तासापेक्षा जास्त काम करतात. आणि सराव चालू असताना मध्येच लांब जावं लागलं तर त्या दिवशी वेगळं अंथरूण, जमलं तर वेगळं कॅरिअर वापरा. सरावाच्या जागेला वाईट आठवण चिकटू नये. हा छोटासा बदल फार कमी लोक करतात.

गाडी नेहमी कुठे थांबते हेही आठवून बघा. बऱ्याच लहान कुत्र्यांसाठी गाडी म्हणजे सुई नाही तर नखं कापणं. मधूनमधून गाडी नुसती मोकळ्या मैदानाशी थांबू दे, थोडं हुंगून फिरून घरी या.

‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. तसं होत नाही. भीती ही काही कुत्र्याने ठरवून केलेली वागणूक नव्हे की बक्षीस मिळालं म्हणून ती वाढावी. कॅरिअरच्या जाळीतून बोट आत घाला, हळू बोला. पण मांडीवर घेणं ही वेगळी गोष्ट आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अचानक थांबली तर मांडीवरचा कुत्रा त्याच वेगाने पुढे जातो, आणि हातांनी तो धरून ठेवता येत नाही. पुढच्या सीटवर तर एअरबॅगच त्याच्या अंगावर येते. मांडीवरच शांत राहणारा कुत्रा असेल तर तुम्ही मागे त्याच्या कॅरिअरशेजारी बसा. त्याला हवी असते ती जवळीक, आणि ती तिथूनही मिळते.

कारण दोन्हींपैकी नसेल तर

लहान अंगाच्या काही खास अडचणी आहेत. कॅरिअरचा गुळगुळीत तळ ही त्यातली सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येक वळणावर कुत्रा घसरतो, नखं रोवून तोल सांभाळतो आणि तासाभरात थकून चिडतो. खाली रबराची चटई टाकली की काहींचा निम्मा ‘ताण’ नाहीसा होतो. कॅरिअर उभं राहता, वळता, पसरून झोपता येईल एवढा हवा. दया येऊन त्याहून खूप मोठा घेतला तर कुत्रा आत इकडून तिकडे आपटतो.

पट्टा गळ्यात नको, हार्नेस छातीवर हवा. यॉर्कशायर टेरियर, पोमेरेनियन, चिवावा यांच्यात श्वासनलिका मऊ पडून दबण्याचा विकार बराच आढळतो. उत्तेजित झाल्यावर बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येत असेल तर तो प्रवासाचा ताण समजून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

पग, शिह त्झू, पेकिनीज अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं जमत नाही. घाबरले की धापा, धापांनी श्वासमार्ग सुजतो, त्याने आणखी धापा, असं चक्र लागतं. उभ्या गाडीत कुठलाही कुत्रा ठेवू नका, काच थोडी उघडी ठेवूनही नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काचा फटीएवढ्या उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. उलट टोकही आहे: अंग लहान असलं की उष्णता झटकन निघून जाते, आणि एसीचा झोत थेट अंगावर घेत बसलेला चिवावा भीतीने नव्हे, थंडीने थरथरत असू शकतो.

दर दोन तासांनी थांबा. दार उघडण्याआधी दोरी लावा. घाबरलेला लहान कुत्रा फटीतून निसटतो आणि परक्या जागी हाक ऐकत नाही.

आणि वर्षानुवर्षं मजेत प्रवास करणारा कुत्रा अचानक कुरकुर करू लागला तर सराव बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. कान, दात, पाठ किंवा सरकणारी गुडघ्याची वाटी, यांतलं काहीतरी धक्क्यांनी दुखत असण्याची शक्यता जास्त.

गाडीत आनंदानेच वेडा होणारा, सतत भुंकणारा कुत्रा या सगळ्यात येत नाही. त्याला निघण्याआधी दमवा आणि बाजू झाका. बहुतेकांना पुरतं.

शांत करायची औषधं आणि बाजारातल्या वस्तू

सरावाला वेळ नसेल किंवा भीती फारच तीव्र असेल तर ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन यांसारखी औषधं पशुवैद्य देतात. यात तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिला डोस प्रवासाच्या दिवशी नको. आधी एखाद्या साध्या दिवशी घरी देऊन बघा, कारण काही कुत्रे उलटे चाळवतात. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत, पातळ गॅबापेन्टिनमध्येही, झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी वस्तू असते आणि ती कुत्र्याला विषारी आहे. दुकानातून बाटली आणण्याआधी हे विचाराच. तिसरी, अ‍ॅसेप्रोमॅझिनबद्दल. हे जुनं औषध कुत्र्याला निपचित पाडतं, पण भीती तशीच राहते. शिवाय रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. शांत दिसतो म्हणून मालक खूश, आतून कुत्रा तितकाच घाबरलेला. मला तरी हा सौदा पटत नाही.

विमानाने न्यायचं असेल तर गुंगीचं औषध जवळपास सगळीकडे नकोच म्हणतात; उंचीवर रक्तदाब आणि श्वास यांची जोखीम वाढते आणि वर लक्ष ठेवायला कुणी नसतं. चपट्या नाकाच्या जाती सामानाच्या कप्प्यातून न्यायला अनेक विमान कंपन्या नकार देतात. तो नियम जाचक वाटला तरी योग्य आहे.

फेरोमोनचा (कुत्रे एकमेकांना ज्या वासाने संकेत देतात त्याच्या नकलेचा) फवारा, अंगाला घट्ट बसणारा अंगरखा, लॅव्हेंडर यांचे पुरावे संमिश्र आहेत. लॅव्हेंडरच्या मंद वासाने गाडीत चेकाळणारे कुत्रे जास्त वेळ शांत बसल्याचा एक अभ्यास २००६ साली आला होता. पण तेल अंगावर किंवा चाटता येईल अशा जागी लावू नका. अंगरखा उन्हाळ्यात घालू नका. करून बघायला हरकत नाही, मात्र एका वेळी एकच वस्तू, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही.

उद्याच निघायचं असेल तर

आज डॉक्टरांना फोन करून मळमळीच्या औषधाचं विचारा. कॅरिअर आजच खोलीत ठेवा, आत तुमचा अंगावरचा न धुतलेला कपडा घाला. उद्या सकाळी चांगलं फिरवून आणा, खाणं वर सांगितल्याप्रमाणे, आणि एक जण मागे बसेल असं ठरवा. याहून जास्त एका दिवसात होत नाही, आणि नवी गोष्ट शिकवायला हा दिवस नव्हे.

वाटेत धापा थांबत नाहीत, हिरड्या गर्द लाल किंवा निळसर दिसतात, कुत्रा लडखडतो किंवा हाकेला प्रतिसाद देत नाही, तर गाडी थंड करा, अंग साध्या पाण्याने ओलं करून वारा घाला आणि तिथून जवळच्या पशुवैद्यांकडे जा. पिल्लू मलूल पडून झोकांड्या खात असेल आणि गिळू शकत असेल तर हिरड्यांना थोडं साखरेचं पाणी किंवा मध चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा.

महिनाभर सराव करूनही पहिल्या दोन पायऱ्या सुटत नसतील तर डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘गाडीत त्रास होतो’ सांगू नका. रेकॉर्डिंग न्या. त्रास कितव्या मिनिटाला सुरू झाला, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, रस्ता सरळ होता की वळणाचा, कुठली गोळी किती वाजता दिली आणि आजचं वजन किती, एवढं एका कागदावर लिहून न्या. लहान कुत्र्याच्या बाबतीत अर्ध्या किलोनेही डोस बदलतो, म्हणून वजन मागच्या वर्षीचं नको.